औषधात खंड पडू नये

(वरळी येथील बीडीडी चाळींच्या परिसरात भरलेल्या रुग्ण व नातेवाईक मेळाव्यात रुग्णालयाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी अहवालाच्या निमित्ताने आम्ही आपल्यापुढे आकडे ठेवतो. किती रुग्ण तपासले, किती शस्त्रक्रिया झाल्या, देणगीतून कोणते यंत्र आले, हा सर्व तपशील याही वर्षी अहवालात यथास्थित दिलेला आहे. आज मात्र त्या तक्त्यांत न मावणाऱ्या एका चिंतेविषयी बोलण्याची अनुज्ञा आम्ही आपल्याकडे मागत आहोत. मधुमेह, रक्तदाब, दमा, मूत्रपिंडाचा विकार असे जन्माची सोबत करणारे आजार ज्यांच्या वाट्याला आले, त्यांच्या तोंडून आमच्या बाह्यरुग्ण विभागात एक प्रश्न वारंवार ऐकू येतो. आजार बरा होईल का, हे विचारणे त्यांनी केव्हाच सोडून दिलेले असते. ते विचारतात, "आमचं कार्ड कुठवर चालेल?"

हे कार्ड म्हणजे कोणाचे राज्य कामगार विम्याचे, कोणाचे मुलाच्या कंपनीने दिलेले, कोणाचे शासकीय योजनेचे. आजार कायमचा आणि कार्ड मुदतीचे, अशी ही विषम जोडी आहे. ती तुटेल या भयाने रुग्ण काय करतो आणि त्या भयापुढे आपल्यासारख्या धर्मादाय संस्थेचे कर्तव्य काय, एवढाच आजचा विषय आहे.

हा विषय मांडायला वरळीच्या बीडीडी चाळींहून अधिक योग्य जागा आम्हांला सुचली नाही. १९२० साली स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने या चाळी बांधल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ इमारती; त्यांपैकी १२१ एकट्या वरळीत. तळमजला आणि वर तीन मजले, एका इमारतीत ८० खोल्या आणि एका खोलीचे क्षेत्रफळ १६० चौरस फूट. या खोल्यांतून पोलीस राहिले, सरकारी नोकर राहिले आणि कोकण व घाटावरून आलेले हजारो गिरणी कामगार राहिले. आता पुनर्विकास चालू आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतील पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या इमारतीतील घरांच्या किल्ल्या मिळाल्या. घर बदलले तरी घराबरोबर आलेली काही भये बदलत नाहीत, हे आम्ही आमच्या केसपेपरांवरून सांगू शकतो.

कामगाराच्या आजारपणाचा विचार या देशात कायद्याने प्रथम व्यापकपणे केला तो १९४८ च्या राज्य कामगार विमा अधिनियमाने. त्यामागे प्रा. बी. पी. आडारकर यांनी १९४४ साली सादर केलेला अहवाल होता. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्ली येथे योजनेचा आरंभ झाला आणि १९५४ मध्ये ती मुंबईत आली. कामगाराच्या पगारातून थोडी वर्गणी, मालकाकडून अधिक वर्गणी, आणि त्या बदल्यात कामगारावर व त्याच्या कुटुंबावर उपचार, शिवाय आजारपणाच्या रजेत पगाराचा काही अंश. गल्लीतला पॅनेल डॉक्टर, वरळीचे आणि परळचे कामगार विमा रुग्णालय ही नावे गिरणगावाच्या रोजच्या बोलण्यात रुळली. पुढे क्षय, कर्करोग अशा चौतीस दीर्घकालीन आजारांसाठी रजेच्या काळातील भत्ता दोन वर्षांपर्यंत मिळण्याची सोयही या योजनेत झाली. दीर्घ आजाराचा विचार कायद्याने केला नव्हता, असे म्हणता येणार नाही.

पण या साऱ्या इमारतीचा पाया नोकरी हा होता. नोकरी होती तोवर कार्ड होते.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लक्ष कामगार त्यात उतरले. पुढे काय घडले ते या चाळींना सांगण्याची गरज नाही. पगार गेला, नोकऱ्या गेल्या, गिरण्या बंद पडल्या, हे सर्व पुष्कळांनी लिहिले आहे. पगारपत्रकावरून नाव गेले की विम्याची वर्गणी थांबते, आणि वर्गणी थांबली की काही काळाने दवाखान्याचे दारही मिटते, ही गोष्ट त्या मानाने कमी लिहिली गेली. ज्याच्या छातीत वीस वर्षांची कापसाची धूळ साठलेली होती, त्याचा दम्यासारखा विकार संपाबरोबर संपला नव्हता.

येथे एका कुटुंबाची हकीकत आम्ही त्यांच्या संमतीने, नावे न घेता सांगत आहोत. ते कुटुंब याच चाळींतले. आजोबा गिरणीत कार्डिंग खात्यात होते. सुट्टीनंतर सोमवारी कामावर गेले की त्यांची छाती आवळून येई. कापसाच्या धुळीने होणाऱ्या या व्याधीला वैद्यकशास्त्रात बिसिनोसिस म्हणतात आणि विमा कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत ती व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेली होती. त्यासाठी नुकसानभरपाईचा दावा करता येतो हे आजोबांना कोणी सांगितले नाही. त्यांना ठाऊक होते ते पॅनेल डॉक्टरांचे औषध. संपात नोकरी गेली. काही महिन्यांनी ते नेहमीप्रमाणे औषधाला गेले, तेव्हा कार्ड आता चालत नाही, असे त्यांना सांगण्यात आले. ते परत आले आणि त्यांनी ते कार्ड एका पत्र्याच्या डब्यात घालून फळीवर ठेवून दिले. पुढची आठ वर्षे त्यांनी औषध कधी घेतले, कधी नाही. नव्याने लग्न होऊन आलेली सून रात्री त्यांच्या पाठीला शेक देत असे. १६० चौरस फुटांत कोणाचा खोकला कोणापासून लपत नाही.

ती सून आता छप्पन्न वर्षांची आहे. गेली काही वर्षे ती आमची रुग्ण आहे. आमचे कर्मचारी त्यांना काकू म्हणतात, म्हणून आपणही काकूच म्हणू. काकूंना मधुमेह आहे, रक्तदाब आहे. त्यांचा मुलगा एका खाजगी आस्थापनेत नोकरीला; त्याच्या कामगार विम्यावर आश्रित आई म्हणून काकूंची नोंद. बहुतेक गोळ्या तेथून मिळत, काही तपासण्या आमच्याकडे होत. सारे सुरळीत चालले होते.

मग एका तपासणीत काकूंची साखर वाढलेली आढळली. आमच्या डॉक्टरांनी पथ्याविषयी चार शब्द सुनावले. पुढच्या खेपेला साखर आणखी वाढलेली, रक्तदाबही वर. डॉक्टरांनी गोळ्यांची मात्रा वाढविली. तिसऱ्या खेपेला काकू आल्या त्या सुजलेल्या पावलांनी, आणि रक्ततपासणीत मूत्रपिंडाचे कार्य घटल्याचे दिसले. तेव्हा कोठे आमच्या समाजसेविकेने त्यांना बाजूला बसवून चहा दिला आणि विचारले, "काकू, गोळ्या घेता ना?"

काकू काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक पत्र्याचा डबा आणून टेबलावर ठेवला. आत गोळ्यांच्या पट्ट्या होत्या, रबराने बांधून, महिन्याप्रमाणे लावलेल्या. सात महिने काकू निम्म्याच गोळ्या घेत होत्या आणि उरलेल्या साठवीत होत्या. मुलाला पगारवाढ मिळणार अशी बोलणी घरात चालली होती आणि पगार एका मर्यादेपलीकडे गेला की कामगार विमा बंद होतो, एवढे त्यांनी ऐकले होते. "उद्या कार्ड बंद झालं तर हाताशी असाव्यात म्हणून ठेवल्या," त्या म्हणाल्या. डब्याच्या तळाशी सासऱ्यांचे जुने कार्ड होते.

सज्जनहो, या ठिकाणी आम्हांला एक कबुली द्यावयाची आहे. आमच्या डॉक्टरांनी मात्रा वाढविली ती रुग्ण पूर्ण औषध घेत आहे असे गृहीत धरून. काकूंनी भीतीपोटी निम्म्या गोळ्या घेतल्या म्हणून निभावले. सांगितल्या बरहुकूम वाढीव मात्रा एकदम सुरू केली असती, तर साखर धोक्याच्या पातळीखाली उतरू शकली असती. त्यांच्या तिन्ही भेटींत आम्ही साखर मोजली, वजन केले, दाब पाहिला. त्यांचे कार्ड कोणते आणि ते कधी संपते, हे आमच्या केसपेपरावर विचारलेच नव्हते. ही उणीव काकूंची नव्हती, आमची होती.

आणि आता जे सांगणार आहोत ते ऐकून आपल्यालाही वाईट वाटेल. काकूंचे भय अस्थानी नव्हते, पण ते ज्या प्रकारचे होते तसे घडणार नव्हते. कामगार विम्याची वेतनमर्यादा जानेवारी २०१७ मध्ये दरमहा २१,००० रुपये झाली. पगार त्यापलीकडे गेला तरी कार्ड दुसऱ्या दिवशी बंद पडत नाही. विम्याच्या वर्गणीच्या दोन सहामाही असतात: एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. सहामाहीच्या मध्येच पगार वाढला तर त्या सहामाहीच्या अखेरपर्यंत वर्गणी चालू राहते. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीचा लाभ पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये मिळतो आणि ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीचा जुलै ते डिसेंबरमध्ये. म्हणजे जूनमध्ये पगार वाढला असता, तर पुढच्या वर्षीच्या जूनपर्यंत सोय होती. जवळजवळ एक वर्ष हाताशी होते. हे त्या घरात कोणी सांगितले असते, तर सात महिन्यांच्या निम्म्या गोळ्या डब्यात न जाता पोटात गेल्या असत्या. मूत्रपिंडाचे जे नुकसान झाले ते भरून येत नाही.

त्यांचा मुलगा आमच्याकडे आला तेव्हा खाली मान घालून त्याने विचारले, "मॅडम, पगारवाढ घेऊ की नको?" कष्टाने मिळालेली बढती आईच्या औषधासाठी नाकारण्याची पाळी तरुण मुलावर यावी, याहून मोठी विपरीत गोष्ट ती कोणती? आम्ही त्याला सांगितले, पगारवाढ अवश्य घे. पुढे काय करावयाचे त्याचा कागद आपण आजच करू.

तो कागद कसा झाला हे थोडे तपशिलाने सांगतो, कारण आपल्यांतील पुष्कळांच्या घरी तो उपयोगी पडेल.

पहिली बाब, जुने कार्ड कोणत्या तारखेपर्यंत चालेल ते लेखी ठरविले आणि केसपेपरावर ठळक लिहिले. कोणाच्या घरी कामगार विम्याखाली किमान पाच वर्षे राहून निवृत्त झालेले, किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतलेले गृहस्थ असतील, तर त्यांच्यासाठी आणि पत्नीसाठी वर्षाला १२० रुपयांइतक्या नाममात्र वर्गणीत उपचार चालू ठेवण्याची तरतूद त्या योजनेच्या नियमांत पुढे झाली. ती माहीत नसल्यामुळे ज्यांनी चौकशीच केली नाही असे वडीलधारे आम्हांला याच चाळींत भेटले आहेत. त्यांनी आपल्या जवळच्या विमा कार्यालयात अवश्य जावे.

दुसरी बाब, नव्या नोकरीचा सामूहिक विमा. मुलाच्या आस्थापनेच्या विम्यात पत्नी आणि मुले होती, आई नव्हती. असे पुष्कळ ठिकाणी असते आणि ते नोकरी स्वीकारताना विचारण्याची आपल्याला सवय नसते. नोकरी सुटली तर सामूहिक विम्यातून त्याच कंपनीच्या वैयक्तिक विम्यात जाता येते, आणि पूर्वी पूर्ण केलेला प्रतीक्षाकाळ वाया जात नाही. आधीपासून असलेल्या आजारासाठी विमा कंपनीने लावावयाचा प्रतीक्षाकाळ नियामक प्राधिकरणाने २०२४ मध्ये कमाल तीन वर्षांवर आणला. सलग पाच वर्षे विमा चालल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, जुना आजार सांगितला नाही या कारणावरून दावा नाकारता येत नाही. मात्र या सर्व सवलती विमा सलग राहण्यावर अवलंबून आहेत. म्हणून हप्त्याची तारीख दिनदर्शिकेवर लिहा, मुदत संपण्याच्या दोन महिने आधी चौकशी सुरू करा आणि आजार कधीही लपवू नका.

तिसरी बाब, शासकीय योजना. २०१२ साली मुंबईसह काही जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. तीच पुढे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने ओळखली जाऊ लागली. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने तिचे कवच राज्यातील सर्व शिधापत्रिकाधारकांपर्यंत आणि प्रतिकुटुंब ५ लक्ष रुपयांपर्यंत वाढविण्यात आले. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील नागरिकांसाठी, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारत योजना खुली झाली. पुनर्विकासामुळे जी कुटुंबे संक्रमण शिबिरात किंवा भाड्याच्या घरात गेली आहेत, त्यांनी शिधापत्रिका आणि आधार यांचे मूळ कागद इतर सामानात बांधून टाकू नयेत, एवढी कळकळीची विनंती. ऐनवेळी शस्त्रक्रिया अडते ती पैशापेक्षा कागदासाठी, हे आम्ही पाहिले आहे.

आता देणगीदारांनी विशेष लक्ष द्यावे अशी गोष्ट. या योजनांचा मुख्य भर रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांवर आहे. पाय सडला तर शस्त्रक्रियेची सोय होते, मूत्रपिंड निकामी झाले तर डायलिसिसची होते. परंतु पाय सडू नये आणि मूत्रपिंड टिकावे म्हणून दररोज घ्यावयाची साधी गोळी बहुधा रुग्णाच्या खिशातूनच येते. पालिकेच्या दवाखान्यांत आणि केईएमसारख्या रुग्णालयांत ती मिळू शकते, आणि आम्ही रुग्णांना तेथे आवर्जून पाठवितो. तरीही एका कार्डाची मुदत संपून दुसरी व्यवस्था लागेपर्यंत मध्ये दोन-तीन महिने जातात. नेमके त्या महिन्यांत औषध सुटते.

धर्मादाय रुग्णालयांवर कायद्याने काही बंधने घातलेली आहेत आणि ती आम्ही ओझे मानीत नाही. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक अन्वये आणि २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखून ठेवाव्या लागतात, आणि एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत वेगळी काढावी लागते. पण काकूंचे कुटुंब निर्धन नव्हते. मुलगा कमावता होता. कोणत्याही व्याख्येत न बसणारी, दोन कार्डांच्या मधल्या जागेत उभी असलेली अशी कुटुंबे कायद्याच्या निधीत येत नाहीत. त्यांच्यासाठी केवळ आपली देणगी आहे.

म्हणून यंदा विश्वस्त मंडळाच्या संमतीने आम्ही दोन गोष्टी सुरू केल्या आहेत. प्रत्येक दीर्घकालीन रुग्णाच्या केसपेपरावर आता रक्तदाबाच्या शेजारी एक नवा रकाना आहे: विमा कोणता, आणि त्याची अखेरची तारीख कोणती. ती तारीख तीन महिन्यांवर आली की समाजसेवा विभाग स्वतः रुग्णाशी संपर्क साधतो. दुसरी गोष्ट, ज्याचे जुने कार्ड संपले आणि नवे अद्याप हाती आले नाही, त्याला तीन महिन्यांपर्यंतची नेहमीची औषधे रुग्णालय देते. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला मागितला जात नाही. कागद मागून होईपर्यंत औषध सुटू नये, हाच तर या निधीचा हेतू आहे.

यावर काही विश्वस्तांनी रास्त शंका घेतली होती, की याचा गैरफायदा घेतला जाईल. आमचे उत्तर असे, की रक्तदाबाच्या गोळ्यांचा गैरफायदा घेऊन कोणी श्रीमंत होत नाही. उलट ती गोळी चुकल्याने झालेल्या पक्षाघाताचा खर्च त्या घराला आणि आपल्यासारख्या संस्थांना वर्षानुवर्षे सोसावा लागतो.

रुग्णांच्या आप्तजनांना जाता जाता एवढेच सांगणे आहे. आजारी माणसाच्या मनात खर्चाची भीती असतेच. ती तो बोलून दाखवीत नाही; विशेषतः घरातली बाई दाखवीत नाही. ती मुकाट्याने गोळी अर्धी करते, तपासणी पुढच्या महिन्यावर ढकलते, आणि विचारल्यास बरे आहे म्हणते. तेव्हा घरी गेल्यावर एकदा गोळ्यांचा डबा उघडून पाहा. गोळ्या संपल्या असतील तर आम्हांला सांगा. फार उरल्या असतील तर अधिक तातडीने सांगा.

काकू आज या मेळाव्याला आलेल्या आहेत. मूत्रपिंडाचे कार्य पूर्वीसारखे झालेले नाही, पण गेल्या तीन तपासण्यांत ते आणखी घटलेलेही नाही. पूर्ण मात्रा चालू आहे. मुलाने पगारवाढ घेतली. डब्यातल्या जुन्या गोळ्यांची मुदत संपत आली होती, त्या आम्ही काढून घेतल्या. सासऱ्यांचे कार्ड काकूंना परत दिले. ते त्यांनी जपून ठेवले आहे.

 यंदा देणगी देताना आपल्या पावतीवर 'औषध निधी' असा उल्लेख आपण करावा, अशी नम्र विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.